गुरांना पाणी कुठं पाजता?

"आत्या, ही कात्राबाई कोण?"

गणपतीच्या आराशीचं सामान काढायला भाचा माळ्यावर चढला होता. त्याच्या हाती माझी कॉलेजातली वही लागली. डिसेंबर १९९९ चं पान. रतनगड, कात्राबाई, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, खिरेश्वर अशी नावं एकाखाली एक, आणि शेजारी हिशेब : तांदूळ ४ किलो, कांदे ३ किलो, बटाटे ३ किलो, रॉकेल २ लिटर, दोर १. कांदे माझ्या सॅकमध्ये होते, हे मला लख्ख आठवतं. बाकी त्या ट्रेकची आखणी कुणी केली, कशी केली, याचा मला तेव्हाही पत्ता नव्हता. एक सीनिअर पुढे चालायचा आणि आम्ही दहा जण त्याच्या मागे. पाणी लागलं की पाणी मिळायचं, संध्याकाळ झाली की गाव यायचं. ते आपोआप होत असावं अशी माझी समजूत होती.

"बाई नाही रे, खिंड आहे," मी म्हटलं. "रतनगडावरून हरिश्चंद्रगडाला चालत जाताना ओलांडावी लागते."

"मग जाऊ या की," वहिनी मोदकाची पाकळी चिमटीत धरून म्हणाली. वहिनीचा तोवरचा अनुभव म्हणजे लोहगड दोनदा आणि पेब एकदा. भाऊ गुडघ्याच्या ऑपरेशनमधून नुकताच उठलेला, तो येणार नव्हता. पण त्याने त्याच क्षणी अट घातली, "तुम्ही कुठल्या वेळी कुठे असाल ते मला कागदावर लिहून पाहिजे." पुढच्या तीन महिन्यांत जे काही झालं ते या एका कागदापायी. १९९९ मधली माझी एक मैत्रीणही तयार झाली. म्हणजे पंचेचाळिशीच्या आसपासच्या तीन बायका आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा. कांदे वाहणारी मी आखणीची प्रमुख झाले.

हा जवळजवळ सगळा मुलूख अकोले तालुक्यातला. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, १६४६ मीटरचं शिखर उत्तरेला, हरिश्चंद्रगड दक्षिणेला, आणि मधल्या डोंगररांगेचं १९८६ साली अभयारण्य झालेलं. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर. पश्चिमेला कडे सरळ कोकणात कोसळतात, पूर्वेला प्रवरा आणि मुळा आपापली खोरी कोरत जातात. रतनगड प्रवरेच्या उगमाशी. कात्राबाईची खिंड ओलांडली की आपण प्रवरेच्या खोऱ्यातून मुळेच्या खोऱ्यात उतरतो. हे मला १९९९ साली कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी कांद्यांच्या ओझ्याखाली ऐकलं नसेल.

पहिला बेत मी एका रात्रीत केला आणि तो हास्यास्पद होता. पाच दिवस, त्यात कळसूबाई, सांदण दरी, रतनगड, आजोबा डोंगर, हरिश्चंद्रगड, आणि उतरायला नळीची वाट. नळीची वाट म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या बाजूने खालून वर येणारी दगडधोंड्यांची अरुंद घळ, जिथे पुरुष-पुरुषभर उंचीचे धोंडे चढत जावं लागतं. तिथून सॅक घेऊन वहिनीला खाली उतरवण्याची कल्पना मला रात्री साडेअकराला अगदी रास्त वाटली होती. मैत्रिणीने सकाळी फोन करून विचारलं, "तू झोपली होतीस का गं?"

मग खोडायला सुरुवात केली. आधी कळसूबाई गेली, मग आजोबा, मग सांदण, नळीची वाट तर चर्चेशिवाय. उरला वहीतलाच रस्ता. तोही पुरेसा लांब आहे हे नकाशा उघडल्यावर कळलं.

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे आता त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. आमच्या वेळी त्या नकाशाची झेरॉक्स एखाद्या क्लबकडे असायची आणि ती देवघरातल्या पोथीसारखी जपली जायची. भाच्याने नकाशा लॅपटॉपवर लावला, शेजारी उपग्रहाचं चित्र, आणि त्यावर कुणीकुणी चालून नोंदवलेल्या वाटांच्या रंगीत रेघा. त्याला वाटलं काम झालं. रेघ आहे, फोन आहे, रेघेवरून चालायचं. मी त्याला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवल्या. या नकाशावर दोन रेषांमध्ये उंचीचा २० मीटरचा फरक असतो. म्हणजे १५ मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मध्ये बिनबोभाट लपून बसू शकतो, नकाशा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. सह्याद्रीत तर असे कातळटप्पे पावलोपावली. शिवाय पाच जणांच्या रेघा ताडून पाहिल्या तर खिंडीच्या अलीकडच्या रानात त्या पाच दिशांना फाकलेल्या. तिघं तरी तिथे चुकले होते आणि चुकलेली वाटही फोनने इमानेइतबारे नोंदवून ठेवली होती.

वेळेचा हिशेब मी नाइस्मिथच्या नियमाने केला. हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक, त्याने १८९२ साली सांगून ठेवलं : सपाटीला पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. रतनगडाच्या पायथ्याची रतनवाडी ते खिंडीपलीकडचं कुमशेत, हा हिशेब साडेपाच तासांचा निघाला. पण नाइस्मिथने स्कॉटलंडच्या गारव्यात चालणारा धडधाकट माणूस धरला होता. पाठीवर सॅक, डोक्यावर दुपारचं ऊन आणि 'थांब गं, फोटो काढू' हे धरून मी त्याला दीडने गुणलं. सव्वाआठ तास. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य पावणेसात-सातला उगवतो आणि सहाला मावळतो, पण डोंगराच्या पोटात पाचलाच सावली उतरते. म्हणजे सातला निघालो तर गाडी रुळावर, नऊला निघालो तर जरा उशीर होताच बॅटरीच्या उजेडात उतरण. आणि यात रतनगडाचा माथा धरलेलाच नव्हता.

इथे भांडण झालं. माथा सोडायचा तर भाच्याला नेढं दिसणार नाही. नेढं म्हणजे रतनगडाच्या माथ्यावरचं कातळातलं आरपार भोक. सुईला असतं ना, तसंच, फक्त यात माणसं बसून वारा खातात. या गडाची ओळखच ती. "मी येतोय ते त्या भोकासाठी," भाचा म्हणाला. माथा घ्यायचा तर त्या दिवसाला आणखी चार तास जोडायचे. वहिनी म्हणाली, मग एक रात्र वर गुहेत राहू. त्यावर मैत्रीण म्हणाली की मग स्वयंपाकाचं सगळं सामान वर न्यावं लागेल.

स्वयंपाकाचं सामान म्हणजे गॅस. आणि इथे मला एक गोष्ट उशिरा सुचली, जी खरं तर पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. आम्ही जाणार कसाऱ्याच्या लोकलने. रेल्वेतून ज्वालाग्राही पदार्थ नेता येत नाहीत, त्यात स्टोव्हची छोटी गॅसची डबीही आली. १९९९ साली आम्ही दोन लिटर रॉकेल डोंबिवलीच्या गर्दीत घेऊन चढलो होतो, याचा आता विचार केला तरी अंगावर काटा येतो. चूल पेटवावी तर अभयारण्यात उघड्यावर जाळ करायला बंदी, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा आम्ही गुहेत रात्रभर शेकोटी पेटवली होती. वहीत त्याची कौतुकाने नोंदही आहे.

मग कोडं असं सुटलं की स्वयंपाकच करायचा नाही. चारही मुक्काम गावात, कुणाच्या तरी घरी, भाकरी-पिठल्यावर. आणि रतनगडासाठी स्वतंत्र दिवस : साम्रद गावातून त्र्यंबक दरवाजाच्या बाजूने वर चढायचं, नेढं बघायचं, गणेश दरवाजातून शिड्यांच्या वाटेने रतनवाडीत उतरायचं, आणि मोठ्या सॅका भंडारदरा जलाशयाच्या काठच्या रस्त्याने जीपमधून पुढे पाठवायच्या. दुसऱ्या दिवशी रतनवाडी ते कुमशेत. तिसरा दिवस पेठेच्या वाडीवरून पाचनई. चौथ्या दिवशी हरिश्चंद्रगड चढून तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरायचं आणि खुबी फाट्यावर माळशेज घाटातून कल्याणला जाणारी एसटी पकडायची. सॅका जीपने पाठवणं ही फसवणूक आहे असं भाच्याचं मत पडलं. त्याला सांगितलं, तुझी तू घेऊन चढ. तो गप्प बसला.

आता महिना. पावसाळ्यानंतर लगेच गेलं तर रतनवाडीच्या वाटेवर प्रवरेचं पात्र पुन्हा पुन्हा ओलांडावं लागतं, आणि गवत कमरेच्या वर उभं असतं, त्यात पायाखालची वाटही दिसत नाही आणि वाटेवर पडलेलं जनावरही. फेब्रुवारीपासून झरे आटायला लागतात. मधला काळ डिसेंबरचा, गवत पिवळं पडून आडवं झालेलं आणि ओढ्यांत थोडं तरी पाणी. नाताळची सुट्टी भाच्याला सोयीची होती, पण नाताळात या गडांवर लोकल ट्रेनइतकी गर्दी असते. शेवटी डिसेंबरचा पहिला आठवडा धरला. रविवारी संध्याकाळी साम्रदला पोहोचायचं, म्हणजे शनिवार-रविवारची मंडळी परतत असतील, आणि गुरुवारी रात्री घरी. तारीख ठरवताना तिघींनी आपापल्या पाळीचाही हिशेब केला. माझी नेमकी कुमशेतच्या दिवशी येणार होती. आठवडा पुढे ढकलावा का, यावर आम्ही बोललो आणि नको ठरलं. एक जास्तीची जाड झिपची पिशवी, वर्तमानपत्राचे कागद, आणि वापरलेलं सगळं परत घरी आणायचं. १९९९ साली हे मी कुणाला बोलूही शकले नव्हते.

राहिलं पाणी. याच्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

रतनवाडीतल्या एका मामांचा नंबर मैत्रिणीच्या ओळखीतून मिळाला. त्यांच्या घरात रेंज नाही. सकाळी गुरं घेऊन ते वरच्या टेपाडावर जातात तेव्हाच फोन लागतो, म्हणजे सव्वासात ते पावणेआठ. माझी तेव्हा डब्याची घाई. एका हाताने पोळी उलटत मी विचारायचे, "मामा, खिंडीच्या वाटेला डिसेंबरात पाणी असतं का?"

"हाये की."

"भरपूर?"

"हाये की ताई, पाण्याला काय तोटा?"

दोन-तीनदा हेच. मी नकाशावर समाधानाने दोन निळे ठिपके काढले. मग कुमशेतच्या एकांना विचारलं, तेही म्हणाले, आहे. तिसरा ठिपका. शनिवारी भाऊ माझा कागद तपासत होता. तो हिशेबनीस माणूस. म्हणाला, "आहे म्हणजे कुठे? वाटेपासून किती आत? त्यांच्या लेखी 'आहे' असेल, पण तुम्हाला दिसेल का?" 

अगदी खरं होतं. ज्यांचा जन्म त्या रानात गेला त्यांना अर्ध्या तासावरचा, कारवीच्या जाळीत दडलेला झराही वाटेवरचाच वाटतो. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, माझा प्रश्न चुकला होता. पुढच्या सोमवारी सव्वासातला मी वेगळं विचारलं, "मामा, डिसेंबरात तिकडे गुरं नेली तर गुरांना पाणी कुठं पाजता?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग मामा असे सुटले की माझी पोळी करपली. कुठल्या ओढ्याला डोह राहतो, कुठला दिवाळीलाच आटतो, कुठल्या पाण्यात गुरं उतरतात म्हणून माणसाने वरच्या अंगाचं घ्यायचं, सगळं. त्यातून निघालं ते असं : रतनवाडीतून निघाल्यावर खालच्या टप्प्यात प्रवरेचं पाणी, तिथे सगळ्या बाटल्या भरायच्या. त्यानंतर खिंड चढून पलीकडे चांगलं उतरेपर्यंत खात्रीचं पाणी नाही. माझ्या तीन निळ्या ठिपक्यांपैकी दोन खोडले. कुमशेतवाल्यांनाही फोन करून हाच प्रश्न विचारला, तिसरा ठिपका बोटभर सरकला. पण आता तो खरा होता.

म्हणजे माणशी ३ लिटर, आणि ३ लिटर पाणी म्हणजे ३ किलो. या एका आकड्याने सॅक ठरली. एकूण ९ किलोच्या वर जायचं नाही असं मी जाहीर केलं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा दिवाणावर आणून ठेवला. स्लीपिंग बॅग १२०० ग्रॅम, ती सोडता येत नव्हती, डिसेंबरात त्या खोऱ्यात पहाटे चांगलं झोंबतं. सॅक स्वतः १६०० ग्रॅम. वहिनीने काढलेली जीन्स ६८० ग्रॅम भरली आणि भिजली तर दीड दिवस वाळणार नाही म्हणून परत कपाटात गेली. भाच्याचा पॉवरबँक, ब्लूटूथ स्पीकर, आणि आणखी एक पॉवरबँक. स्पीकर मी काढून ठेवला. वजनासाठी नव्हे. दगडाच्या कपारीत आग्या मोहोळ असतं, त्याच्या आसपास आरडाओरडा, धूर, अंगाला भपकेदार अत्तर, काहीही नको. आणि खरं सांगायचं तर मोहोळ नसतं तरी मी तो काढलाच असता.

खाण्याचं गणित गावातल्या जेवणामुळे हलकं झालं होतं. दुपारचं आणि मधल्या वेळचं तेवढं न्यायचं, शिवाय एक जास्तीचं जेवण, कुठे अडकलोच तर. दशम्या तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, चपात्या नाही. शेंगदाण्याची चटणी, गूळ-तुपाची गोळी, खजूर, सुकं खोबरं. वजनाच्या मानाने सगळ्यात जास्त ताकद तेलातुपाच्या जिनसांत, तेव्हा चिवडा-लाडू हे निव्वळ लाड नाहीत, असं मी वहिनीला पटवून दिलं. ते तिने जरा जास्तच मनावर घेतलं, पण त्याबद्दल पुढे. चहाशिवाय खिंड चढणार नाही असं तिने निक्षून सांगितल्यामुळे अर्ध्या लिटरचा थर्मास मंजूर झाला, यजमानांकडून सकाळी भरून घ्यायचा. वजनात न बसूनही.

वाटाड्या घ्यायचा की नाही यावर भाचा शेवटपर्यंत अडून होता. फोनवर रेघ आहे ना! मी त्याला त्या पाच फाकलेल्या रेघा पुन्हा दाखवल्या. मामांच्या मुलाने कुमशेतपर्यंत यायचं कबूल केलं. मजुरी ठरवताना मैत्रिणीने एक मुद्दा काढला जो माझ्या डोक्यात आला नसता : तो आपल्याला पोहोचवून त्याच संध्याकाळी परत जाऊ शकत नाही. म्हणजे एक दिवस जायचा, एक यायचा, आणि रात्रीचं जेवण. दोन दिवसांची मजुरी द्यायची. घासाघीस करायची नाही, असं तिने मला बजावलं, कारण भाजीवाल्याशी मी कशी बोलते ते तिला माहीत आहे.

नोव्हेंबरात एका रविवारी सगळं सामान भरून, बाटल्या पाण्याने भरून, आसनगावजवळच्या माहुलीला रंगीत तालीम केली. तिथे तीन गोष्टी उघड झाल्या. वहिनीचे नवे बूट उतारावर अंगठ्याला लागतात. मैत्रिणीच्या सॅकचा कमरेचा पट्टा सैल, त्यामुळे सगळा भार खांद्यावर येतो. आणि मी दर चाळीस मिनिटांनी थांबते, तासाने नव्हे. बूट बदलले, पट्टा शिवून घेतला. माझ्यावर इलाज नव्हता, तेव्हा कागदावरच्या वेळा वाढवल्या.

औषधांच्या पिशवीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांची सारखीच असते. फक्त सापाचं सांगते. घोणस, फुरसं, चापडा ही मंडळी त्या रानात आहेत, आणि त्यांच्यावर पिशवीतलं काहीच चालत नाही. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, माणसाला हलू न देता दवाखाना गाठायचा. म्हणून कागदावर प्रत्येक दिवसापुढे 'जवळचा गाडीरस्ता' असा रकाना केला. कुमशेत आणि पाचनईहून राजूरकडे रस्ता आहे. रतनवाडी ते कुमशेतच्या मधे काहीच नाही, पुढे तरी जायचं किंवा मागे तरी. तिथे मी लाल शाईने लिहिलं : साडेबारापर्यंत खिंडीत नसू तर परत फिरायचं. कोण काय म्हणतं, किती थोडं राहिलंय, यावर चर्चा नाही. त्याखाली ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक. भावाने एकच दुरुस्ती केली. संध्याकाळी आमचा निरोप आला नाही तर त्याने किती वाजता काळजीला लागायचं, ते मी लिहिलंच नव्हतं. कुमशेतला रेंज मिळेलच असं नाही, मग नुसत्या निरोप न येण्याने त्याने काय समजायचं? ठरलं : दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कळलं नाही तर आधी कुमशेतच्या घरी फोन, तिथे आम्ही पोहोचलोच नाही असं कळलं तर पुढची सूत्रं हलवायची. त्याने कागद फ्रिजवर लावला. 

वनखात्याकडे फोन करून प्रवेश आणि मुक्कामाचे नियम विचारून घेतले. हे नियम मधून मधून बदलतात आणि कुणीतरी दोन वर्षांपूर्वी केलेल्या ट्रेकवर विसंबता येत नाही. मुक्काम गावातच असल्यामुळे आम्हाला फारसा फरक पडला नाही, गावात पावती फाडायची इतकंच.

ट्रेकचं वर्णन करायला मी बसलेली नाही, पण आखणीचं काय झालं ते सांगायला हवं. नेढ्यात भाचा पाऊण तास बसून होता आणि खाली उतरायला तयार नव्हता. ते कागदावर नव्हतं. खिंडीत आम्ही पोहोचलो बारा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे लाल शाईच्या वीस मिनिटं आधी. वाटेत ज्या रानात त्या पाच रेघा फाकल्या होत्या तिथे मामांचा मुलगा सहाव्याच दिशेने गेला आणि दहा मिनिटांत त्याने आम्हाला डोंगराच्या धारेवर आणलं. भाच्याने फोन खिशात ठेवला. खिंडीपलीकडचं पाणी गुरांच्या हिशेबाप्रमाणे बरोबर जागेवर होतं, घोट्याएवढा डोह, वरच्या अंगाला स्वच्छ. माझ्या बाटलीत तेव्हा तळाला चार घोट होते, वहिनीची रिकामी. क्लोरीनच्या गोळ्या टाकून अर्धा तास थांबायचं असतं, तो अर्धा तास वहिनी बाटलीकडे ज्या नजरेने बघत होती तशी तिने कधी भावाकडेही पाहिलं नसेल. कुमशेतला साडेचारला पोहोचलो. माझी पाळी एक दिवस आधीच, रतनगडाच्या शिड्यांवर आली होती.

चुकलं कुठे? पाचनईच्या दिवशी. तो दिवस मी सोपा धरला होता, मोठा चढ नाही म्हणून. प्रत्यक्षात सगळी वाट उघड्यावर, कापलेल्या भातखाचरांतून, सावली नावाला. नाइस्मिथच्या नियमात उन्हाचा रकाना नाही आणि मीही केला नव्हता. पेठेच्या वाडीत एका आजींनी ओसरीवर बसवून ताक दिलं, नाहीतर मैत्रिणीचं डोकं अजून दुखत असतं. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात पाय सोडून बसायचा बेत होता, तिथे देवाभोवतीच पाणी आहे म्हटल्यावर वहिनीने आम्हाला पाय सोडू दिले नाहीत. तोलार खिंडीच्या कातळावर रेलिंग आहेत, ती १९९९ मध्ये होती की नाही यावर माझं आणि मैत्रिणीचं अजून एकमत नाही. वहीत त्याबद्दल काही नाही. त्या दिवशी कांदे संपले होते इतकंच लिहिलंय.

गुरुवारी रात्री साडेदहाला घरी आलो. फ्रिजवरच्या कागदावर भावाने प्रत्येक निरोपाची वेळ लिहून ठेवली होती. कुमशेतच्या ओळीपुढे फुली आणि शेजारी 'दु. ११.४०, पाचनईच्या वाटेवरून मेसेज', आणि त्या आकड्यांवर पेन इतक्या वेळा फिरलेलं की कागद फाटायला आला होता.

शुक्रवारी मी सगळं उरलेलं पुन्हा वजनकाट्यावर ठेवलं. गोळ्यांची पट्टी जवळजवळ पूर्ण, दोर न उलगडलेला, भाच्याचा दुसरा पॉवरबँक भरलेलाच. आणि वहिनीच्या सॅकच्या तळाशी, स्लीपिंग बॅगच्या पिशवीत गुंडाळलेला, माझ्या वजनकाट्याला कधीच न दाखवलेला चिवड्याचा डबा. ११४० ग्रॅम. न उघडलेला.

"अडकलो असतो तर लागला असता," वहिनी म्हणाली आणि तिने झाकण उघडून डबा मधे ठेवला.